पुणे–नागपूर हवाई अंतर आणि उड्डाणकाळ

पुण्याचा लोहगाव विमानतळ आणि नागपुरातील सोनेगावचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे ६०५ किलोमीटर, म्हणजेच ३२७ सागरी मैल आहे. जेट विमान हवेत साधारण तासभर असते. तिकिटावर मात्र बहुधा एक तास वीस ते पस्तीस मिनिटे दिसतात.

हे अंतर शाळेच्या गणितानेही काढता येते. लोहगाव १८.५८ उत्तर अक्षांश व ७३.९२ पूर्व रेखांशावर, तर सोनेगाव २१.०९ व ७९.०५ वर आहे. अक्षांशांतील फरकाचे सुमारे २७८ किलोमीटर होतात. या पट्ट्यात एका रेखांशाची रुंदी साधारण १०४.७ किलोमीटर भरते, त्यामुळे पूर्वेकडचे अंतर ५३७ किलोमीटर येते. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला की उत्तर हाती येते. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती अहिल्यानगरच्या जरा दक्षिणेकडून जाते, पैठणच्या पूर्वेला गोदावरी ओलांडते, वाशिमला जवळजवळ स्पर्श करते आणि वर्ध्याच्या किंचित उत्तरेकडून नागपूर गाठते. प्रत्यक्ष विमान ठरलेल्या हवाई मार्गाने जाते, म्हणून थोडे जास्तच उडते.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने ६०५ किलोमीटरला पाऊण तास पुरावा. पण चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो, आणि इतक्या छोट्या प्रवासात पूर्ण वेगाचा टप्पा थोडकाच उरतो. शिवाय वेळापत्रकातला काळ विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून ते दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंत मोजतात. पुण्यात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ. वापरातली धावपट्टी एकच आणि तीही लढाऊ विमानांसोबत वाटून घ्यायची. सरावाची विमाने निघेपर्यंत प्रवासी विमान टॅक्सी-मार्गावर रांगेत थांबते. धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पूर्वेकडे उड्डाण झाले तर नागपूरची दिशा जवळपास लगेच मिळते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तेव्हा त्याला तोंड देत उडायचे आणि मग वळून मागे यायचे.

उंचावरचा वारा वेगळाच असतो. हिवाळ्यात तो पश्चिमेकडून वाहतो, म्हणून जाताना पाठीशी आणि परतताना समोर येतो. ताशी ८० किलोमीटरचा वारा धरला तरी जाण्यायेण्यात आठ-दहा मिनिटांचा फरक पडतो. पावसाळ्यात उंचावर पूर्वेचे वारे असतात आणि हिशेब उलटा होतो.

लोहमार्ग मनमाड-भुसावळचा वळसा घेत असल्याने रेल्वेचे अंतर ८८० किलोमीटरच्या घरात जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली अजनी–पुणे वंदे भारतही सुमारे बारा तास घेते. रस्ता सातशे किलोमीटरच्या पुढे. रात्रीची ट्रॅव्हल्स सकाळी पोचवते. दिवाळीत पुण्यात शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या वैदर्भीयांची गर्दी होते, हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत त्यात मंत्रालयाशी संबंधित मंडळींची भर पडते, आणि विमानाचे भाडे कडाडते. तुलना करताना विमाननगरची वाहतूक, सुरक्षा तपासणी आणि सामानाचा पट्टा हे सारे धरावे. घरापासून घरापर्यंत चार ते पाच तास हा प्रामाणिक आकडा ठरतो.