संत्रा बागेतील गाजर गवत

‘काँग्रेस गवत’ असेही म्हटले जाणारे गाजर गवत मूळचे मेक्सिकोकडचे. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. भारतात १९५५ च्या सुमारास ते पुण्यात नोंदले गेले. आयात गव्हाबरोबर आले असे मानतात. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या संत्रापट्ट्यात धुरा (बांध), पांदण, पाटाचा काठ यांपैकी काहीच आता त्यातून सुटलेले नाही.

कोरडवाहू वावरात उन्हाळ्यात ते वाळते. बागेत मात्र आळ्यातली ओल त्याला बारमाही पुरते. उगवल्यावर महिना-सव्वा महिन्यात ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी फुले दिसू लागतात आणि एका झाडाला हजारो बिया धरतात. म्हणून निंदण फुलापूर्वीच, पावसानंतर जमीन ओली असताना, मुळासकट करावे. त्याच्या स्पर्शाने अनेकांना खाज सुटते, अंगावर पुरळ उठते. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. बाया हे काम नाखुशीने करतात, त्यात नवल नाही.

वखर खोल घालून गवत मोडण्याचा मोह टाळावा. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या थरातच असतात. ती तुटली की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) आणि मूळकुजीला वाट मिळते. खोडाजवळ खुरपेच बरे. मिठाचे पाणी फवारण्याचा सल्ला पडीक जागेसाठी ठीक, आळ्यासाठी नाही. ग्लायफोसेट या तणनाशकाची नोंदणी आपल्याकडे चहा आणि पीक नसलेल्या जागेपुरती आहे; बागेत ते सर्रास मारतात, पण पानावर किंवा हिरव्या खोडावर तुषार उडाला तर झाडाला इजा होते.

गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये बंगळुरूत सोडला गेला. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला हा भुंगा आणि त्याच्या अळ्या पावसाळ्यात पानांची चाळणी करतात. पाऊस सरला की तो मातीत दडतो, त्यामुळे ओलितावर वाढलेल्या हिवाळी गवतावर त्याचा भरवसा धरता येत नाही. धुऱ्यावर तरोटा (टाकळा) दाट वाढू दिला तर तो गाजर गवताला मागे रेटतो. शिवाय कोवळ्या पाल्याची भाजी होते.

उपटलेले गवत फुलावर नसेल तर खताच्या खड्ड्यात चालते. फुललेले टाकले आणि खत नीट कुजले नाही, तर तेच बी शेणखताच्या टोपल्यातून पुन्हा आळ्यात येते.