न भेटता जमलेली गाणी

दूरदेशीच्या कलाकाराबरोबर, त्याला न भेटता गाणं करायची सोय समाजमाध्यमांनी केली, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. १९९३ साली अमेरिकी गायक फ्रँक सिनात्रा यांच्या 'ड्युएट्स' या अल्बमसाठी सोबतचे गायक त्यांच्याबरोबर स्टुडिओत उभे नव्हते. त्यांचे आवाज वेगळे घेतले गेले, काहींचे तर दुसऱ्या शहरातून डिजिटल टेलिफोन लाइनवरून. (आपल्याकडच्या चित्रपटांतली युगुलगीतंही आता दोन गायक वेगवेगळ्या दिवशी गाऊन जातात.) पुढे लॉस एंजेलिसचा संगीतकार जिमी टॅम्बोरेलो वाद्यांचे ट्रॅक टपालाने सिअॅटलच्या गायक बेन गिबर्डला धाडायचा आणि गिबर्ड त्यावर गाऊन, गिटार वाजवून ते परत पाठवायचा. त्यातून २००३ मध्ये 'गिव्ह अप' हा अल्बम आला. जोडीने नाव घेतलं 'द पोस्टल सर्व्हिस', त्यावर अमेरिकी टपाल खात्याने हरकत घेतली आणि मग समझोताही केला.

पण गिबर्ड आणि टॅम्बोरेलो आधीपासून ओळखीचे होते. इंटरनेटने खरी भर घातली ती अनोळखी माणूस गाठून देण्याची. नॉर्थ कॅरोलायनाचा रॅपर फॉन्टे आणि नेदरलँड्सचा संगीत निर्माता निकोले यांची गाठ 'ओकेप्लेअर' या संकेतस्थळावर पडली. निकोलेने तिथे टाकलेले बीट (ज्यावर गायचं ते तयार वाद्यसंगीत) फॉन्टेला आवडले आणि फाइलींची ये-जा सुरू झाली. 'द फॉरेन एक्स्चेंज' या नावाने २००४ मध्ये त्यांचा 'कनेक्टेड' आला. दोघे समोरासमोर भेटले ते अल्बम पुरा झाल्यावर.

हे सगळं पाळीपाळीने का? एकाच वेळी का वाजवत नाहीत? अडचण लयीची आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवरच्या साथीदाराचा ठोका ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. तिथपर्यंत कसंबसं निभतं. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या घरात. काचेच्या तंतूतून प्रकाशालाही एका बाजूने ६० मिलिसेकंद लागतात, प्रत्यक्षात आणखी जास्त. तबलजी समेवर आला तरी गायकाच्या कानात ती सम निसटलेलीच असणार. व्हिडिओ कॉल कितीही स्पष्ट झाला तरी हे गणित बदलत नाही.

म्हणून अमेरिकी संगीतकार एरिक व्हिटॅकर यांनी २०१० मध्ये 'व्हर्च्युअल क्वायर' हा इंटरनेटवरचा गायकवृंद उभा केला तोही पाळीपाळीनेच. त्यांनी आधी निःशब्द खोलीत, मनातल्या मनात संगीत ऐकत नुसते हात हलवून स्वतःचं चित्रण केलं. मग त्या हातवाऱ्यांच्या लयीत पियानो वाजवून जोडला. ते चित्रण यूट्यूबवर पाहत १२ देशांतल्या १८५ जणांनी आपापल्या घरी एकट्याने गाऊन फाइली पाठवल्या. पुढच्या वर्षी हा आकडा दोन हजारांवर गेला. मला यात ते मुके हातवारे सर्वांत विलक्षण वाटतात.

त्यानंतर सहकार्यात सरळ बाजार शिरला. अटलांटाच्या लिल नास एक्स या रॅपरने यंगकियो या डच तरुणाचा बीट इंटरनेटवर ३० डॉलरला घेतला. दोघांची भेट नाही, ओळख नाही. 'ओल्ड टाउन रोड' हे ते गाणं २०१९ मध्ये १९ आठवडे बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं राहिलं. बीटमध्ये नाइन इंच नेल्स या बँडच्या जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा होता, त्यामुळे श्रेयनामावलीत त्या बँडचे ट्रेंट रेझ्नर आणि अॅटिकस रॉस यांचीही नावं घालावी लागली.