परत अकरावी नाही हो आत्या! अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजची मागची गोष्ट

भाचा कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला जाणार म्हटल्यावर आत्याचा पहिला प्रश्न, "अरे म्हणजे परत अकरावी का?" चूक तिची नाहीच, तिकडे या कॉलेजांना बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजच म्हणायचे आणि आपल्याकडे सत्तरच्या दशकात 10+2+3 आलं तेव्हा हेच नाव अकरावी-बारावीला चिकटलं. मग मी सांगितलं, आपल्याकडे पोरं डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला जातात ना, साधारण तसंच, फक्त तिकडे कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं करून थेट युनिव्हर्सिटीत थर्ड इयर. तेव्हा कुठे पटलं.

पण हे सुरू कसं झालं ते बघितलं तर जरा गंमत वाटते. आपल्याला वाटतं गरीब पोरांना स्वस्तात शिकता यावं म्हणून कुणी भल्या माणसाने काढलं असेल. ते नंतर. मुळात युनिव्हर्सिटीवाल्यांनाच पहिल्या दोन वर्षांची पोरं नको होती! शिकागो युनिव्हर्सिटीचे पहिले प्रेसिडेंट विल्यम रेनी हार्पर, यांचं म्हणणं असं की ही दोन वर्षं म्हणजे शाळेचंच शेपूट, युनिव्हर्सिटीने खरा अभ्यास आणि रिसर्च करावा, जर्मनीत करतात तसा. त्यांनी स्वतःच्या युनिव्हर्सिटीचेच ज्युनिअर आणि सिनिअर असे दोन तुकडे पाडले, आणि 1901 मध्ये शिकागोजवळच्या जोलिएट गावात तिथल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅनली ब्राउन यांच्या जोडीने हायस्कूलच्या पुढे कॉलेजचे वर्ग जोडले. पोरं किती, तर 6. ते जोलिएट ज्युनिअर कॉलेज आजही चालू आहे.

कॅलिफोर्नियाने 1907 मध्ये कायदा करून हायस्कूलांना असे वर्ग काढायची मुभा दिली आणि 1910 मध्ये फ्रेस्नोत पहिलं सुरू झालं. स्टॅनफर्डचे प्रेसिडेंट डेव्हिड स्टार जॉर्डन यांनाही पहिली दोन वर्षं काढूनच टाकायची होती, पण ते काही जमलं नाही. आणि खरी गोम इथेच आहे. मोठ्या युनिव्हर्सिट्यांनी स्वतःची पहिली दोन वर्षं कधी बंद केलीच नाहीत, त्यामुळे ज्युनिअर कॉलेज हा सगळ्यांचा रस्ता न होता बाजूची गल्ली झाली आणि गल्लीतून हायवेला लागताना कुठले कोर्स धरायचे, कुठले नाही हे ठरवणार हायवेवाले.

पुढे 1944 चं जीआय बिल आलं, युद्धावरून परतलेले जवान सरकारी पैशावर शिकायला लोटले. 1947 मध्ये ट्रुमनच्या कमिशनने असली कॉलेजं गावोगावी काढा म्हणून सांगितलं आणि कम्युनिटी कॉलेज हे नाव तेव्हापासून रुळलं.

मग 1960 चा कॅलिफोर्नियाचा मास्टर प्लॅन, म्हणजे राज्यातल्या कॉलेज शिक्षणाचा आराखडा, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे प्रेसिडेंट क्लार्क कर यांचं काम. याचं कौतुक फार होतं पण नीट वाचा. आधी हायस्कूलच्या वरच्या 15 टक्के पोरांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया मिळायची ती साडेबारा टक्क्यांवर आणली, स्टेट कॉलेजचं दार वरच्या निम्म्या पोरांना उघडं होतं ते एक तृतीयांशावर. बाकी सगळे ज्युनिअर कॉलेजला, आणि त्या बदल्यात वचन की नीट शिकलात तर पुढे ट्रान्सफर मिळेल. म्हणजे दार अर्धं लोटून मागची खिडकी दाखवली, माझं तरी हेच मत. त्याच वर्षी बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने ही कॉलेजं पोरांची स्वप्नं हळूहळू थंड करतात असं लिहिलं, 'कूलिंग आऊट' म्हणाला तो. फी मात्र खरंच नव्हती, 1984 पर्यंत फुकट, मग युनिटला (कोर्स मोजायचं माप, क्रेडिट म्हणतात तेच) 5 डॉलर, 2012 पासून 46.

त्यानंतरची सगळी वर्षं एका कॉलेजचे क्रेडिट दुसऱ्याने धरायचे की नाही या भानगडीत गेली. फ्लोरिडाने 1971 मध्येच यासाठी राज्यभराचा करार केला. कॅलिफोर्नियात युसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) बॅचलर्स शिकवणाऱ्या नऊपैकी सहा कॅम्पसवर अटी पाळल्या तर ट्रान्सफरची गॅरंटी मिळते, बर्कली आणि एलए त्यात नाहीत, आणि आपल्या लोकांना नेमकं तिथेच जायचं असतं! 2010 मध्ये स्टेट युनिव्हर्सिटीसाठी (आधीची स्टेट कॉलेजं) खास ट्रान्सफरची असोसिएट डिग्री, म्हणजे दोन वर्षांची पदवी आली, कायद्यावर सही तेव्हाचा गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगरची, जो स्वतः सांता मोनिका या कम्युनिटी कॉलेजात शिकलेला. ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनिॲकही डी अँझा कम्युनिटी कॉलेजात वर्षभर काढून बर्कलीला गेलेला, सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या पालकांच्या गप्पांत हा दाखला ठरलेला.

तरी गळती आहेच. देशभरात कम्युनिटी कॉलेजला लागलेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश ट्रान्सफर होतात, आणि सहा वर्षांत बॅचलर्स हातात पडणारे 16 टक्क्यांच्या आसपास. सरकारी ऑडिटवाल्यांनी 2017 मध्ये हिशोब मांडला, कॉलेज बदलणाऱ्या सगळ्या पोरांची सरासरी 43 टक्के क्रेडिट्स वाया जातात. स्टॅटिस्टिक्सचा एकच कोर्स, एका कॉलेजात त्याला एक नंबर, दुसऱ्यात भलताच, आणि समोरचा म्हणतो हे आमच्यासारखं नाही, परत करा. कॅलिफोर्नियात सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत एका कोर्सला एकच नंबर असावा हा कायदा झाला 2021 मध्ये, आणि इंग्लिश, स्टॅटिस्टिक्स असे पहिले मोजके कोर्स त्या नंबरांवर यायला 2025 चं फॉल सत्र (उन्हाळ्यानंतरचं) उजाडलं.