दोन विमानांमधले २७ सेकंद

ढग खूप खाली आलेले असतात. खिडकीबाहेर नुसता पांढुरका पडदा, आणि जेमतेम किलोमीटरभर अंतरावर दुसरे एक विमान शेजारच्या समांतर धावपट्टीकडे उतरत असते. दोन्ही वैमानिकांना एकमेकांचे विमान दिसत नाही. दोघेही जमिनीवरून येणाऱ्या आयएलएसच्या, म्हणजे धावपट्टीकडे उतरण्याची वाट दाखवणाऱ्या यंत्रणेच्या, रेडिओ संदेशांवर विसंबून उतरत असतात. धावपट्ट्यांच्या मध्यरेषांमध्ये किमान १,०३५ मीटर अंतर असेल, तर अशी विमाने एकमेकांसाठी न थांबता उतरू शकतात, असा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा नियम आहे. अंतर मीटरमध्ये सांगितले असले, तरी मुळात हा हिशेब सेकंदांचा आहे.

उतरताना प्रवासी जेटचा वेग ताशी २८० किलोमीटरच्या आसपास असतो. असे विमान काही बिघाडामुळे ३० अंशांनी शेजाऱ्याकडे वळले, तर दर सेकंदाला सुमारे ३९ मीटर जवळ सरकते. सगळे अंतर संपायला २७ सेकंद लागतात.

आता या २७ सेकंदांत काय काय उरकायचे ते पाहा. विमानतळावरच्या नेहमीच्या फिरत्या रडारला एक फेरी पुरी करायला पाच सेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे नियंत्रकाच्या पडद्यावरचा ठिपका हलेपर्यंत भरकटलेले विमान दोनशे मीटर जवळ आलेले असू शकते. ठिपका खरोखरच सरकला, की रडारचीच किरकोळ चूक आहे, हे ठरवायला आणखी एक फेरी जाते. मग नियंत्रक बोलणार, वैमानिक ऐकणार, ऑटोपायलट सोडून हाताने विमान वळवणार, आणि उतरण्याच्या बेतात असलेले ते जड धूड वळायला आणि चढायला लागणार. म्हणूनच साधे रडार असेल, तर धावपट्ट्यांमध्ये १,३१० मीटर लागतात. १,०३५ मीटरची मुभा मिळते ती विमानाची जागा अडीच सेकंदांत किंवा त्याहून लवकर ताजी करणारी यंत्रणा असेल तरच.

दोन मार्गांच्या मधोमध किमान ६१० मीटर रुंदीचा एक पट्टा कायम मोकळा ठेवलेला असतो. १,०३५ मीटरमधून तो वजा केला, की नेहमीच्या डोलण्यासाठी प्रत्येक विमानाला आपल्या रेषेपासून पट्ट्याच्या कडेपर्यंत दोनशे-सव्वादोनशे मीटरच उरतात. कुणी पट्ट्याकडे सरकू लागले, तर नियंत्रक आधी त्याला परत रेषेवर यायला सांगतो. पण ते पट्ट्यात शिरलेच, तर हुकूम सुटतो तो दुसऱ्या, अचूक मार्गावरच्या विमानाला: ताबडतोब वळा, वर चढा. ज्याची काही चूक नाही, त्यालाच बाजूला काढायचे. भरकटलेल्या विमानाचा रेडिओ बंद पडला असेल, किंवा ते वैमानिकाच्या ताब्यातच नसेल. त्याच्या भरवशावर राहणे परवडत नाही. या सगळ्या व्यवस्थेतला हा मला सर्वांत शहाणपणाचा नियम वाटतो.

सर्वांत नाजूक वेळ मात्र त्याआधीची, विमाने वळून आपापल्या रेषेवर येतानाची. धावपट्टीची दिशा दाखवणारा आयएलएसचा भाग, लोकलायझर, चूक मोजतो ती अंशांत, त्यामुळे तीच चूक दूरवर मोठी होते. १८ किलोमीटरवर एका अंशाची चूक म्हणजे तीनशेहून जास्त मीटर. शिवाय वळण उशिरा घेतले, तर विमान रेषा ओलांडून थेट शेजाऱ्याच्या बाजूला जाते. म्हणून दोघेही रेषेवर स्थिर होईपर्यंत त्यांच्यात उंचीचा १,००० फुटांचा फरक राखतात किंवा साडेपाच किलोमीटरचे अंतर ठेवतात. एक वरून येतो, दुसरा खालून. दोघेही रेषेवर पक्के बसले, की मगच उंचीचा हा फरक सोडता येतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरायच्या दोन समांतर धावपट्ट्यांमध्ये अवघे २३० मीटर आहेत. वरच्याच हिशेबाने ते सहा सेकंदांत संपतात. त्यात रडारची जेमतेम एक फेरी बसते. तिथे वर्षानुवर्षे विमाने जोडीने उतरत आली ती स्वच्छ हवेत, वैमानिक शेजारच्या विमानावर स्वतः नजर ठेवून असताना. समुद्रावरून ढग आत आले आणि ते विमान दिसेनासे झाले, की उतरणाऱ्या विमानांची संख्या जवळपास निम्म्यावर यायची आणि बाकीची रांगेत थांबायची.