गीझर ठिबकतोय? ठिबकू द्या

गीझर तापायला लागला आणि खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकू लागलं, की घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत कुठल्याही टॉवरमध्ये एकच सल्ला मिळतो: ‘लीक आहे, बूच मारून घ्या.’ टेफ्लॉन टेपचे चार वेढे, एक बूच, पाच मिनिटांत ठिबकणं बंद. हे काम कृपा करून कोणाला करू देऊ नका. तो छोटी दांडी असलेला पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी टाकतोय, कारण टाकीतला दाब त्याला बाहेर काढायचाय. त्यासाठीच तो तिथे बसवलेला आहे.

तापल्यावर पाणी प्रसरण पावतं, हे शाळेत शिकलेलं असतं. किती, ते पाहू. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं, की ते सुमारे १.४ टक्के वाढतं, म्हणजे ३५० मिली, साधारण दीड पेला. ही वाढ मामुली वाटते. पण ती जाणार कुठे? पूर्वीच्या साध्या जोडणीत ती थंड पाण्याच्या नळातून उलटी गच्चीवरच्या टाकीकडे सरकायची. आता गीझरच्या थंड बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, बहुतेकदा सेफ्टी व्हॉल्व्हच्या पोटातच. तो पाणी आत सोडतो, मागे फिरू देत नाही. गरम नळही बंद. टाकी चहूबाजूंनी कोंडली गेली.

खरी गंमत इथे आहे. हवा दाबली की दबते, सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून बघा. पाणी जवळजवळ दबतच नाही. अजिबात न ताणणाऱ्या भांड्यात ते कोंडून फक्त एक अंश तापवलं, तर दाब ६ ते ९ बारने वाढतो (बार हे दाबाचं माप, आपल्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण १ बार). एका अंशाला! प्रत्यक्षात टाकीचा पत्रा किंचित ताणतो, पाईपही थोडे फुगतात, म्हणून वाढ बरीच कमी होते, पण ३५ अंशांची वाढ पचवणं पत्र्याच्या आवाक्याबाहेरचं असतं. गीझरच्या पाटीवर ०.८ मेगापास्कल लिहिलेलं असेल, तर टाकी ८ बारसाठी बनवलेली आहे. दाब तिथे पोचायला आला, की व्हॉल्व्हची स्प्रिंग मागे सरते आणि जादा पाणी बाहेर पडतं. २ किलोवॉटच्या गीझरला हे पाणी तापवायला अर्धा तास लागतो. ३५० मिली अर्ध्या तासात, म्हणजे सेकंदाला तीन-चार थेंब. न्हाणीघरात दिसतं ते हेच.

आता त्या तोंडाला बूच मारलंय आणि पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट चिकटून बसलाय, पाणी फार तापल्यास वीज तोडणारं कटआउटही चाललं नाही, अशी कल्पना करा. ८ बार दाबाखाली पाणी १०० अंशांना नाही, सुमारे १७५ अंशांना उकळतं. टाकी त्या क्षणी फाटली, तर दाब नाहीसा होताच आतल्या पाण्याच्या सातव्या हिश्श्याची क्षणात वाफ होते: जवळपास ५ हजार लिटर, एका लहान न्हाणीघराच्या आकारमानाइतकी. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करून डाळ शिजवायला कोणी धजावणार नाही. दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ साली कुकरचा पूर्वज दाखवला आणि त्याला सेफ्टी व्हॉल्व्हही त्यानेच जोडला. गीझरचा व्हॉल्व्ह त्याच घराण्यातला.

मग काळजी कधी करायची? गीझर बंद, पाणी गार, तरी दिवसभर थेंब चालूच असतील तर. दोन कारणं संभवतात. एक, व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो त्या सीटवर क्षार किंवा कचरा अडकलाय. एमसीबी पाडा, पाणी गार होऊ द्या आणि दांडी चार-पाच वेळा पूर्ण उचलून सोडा, कचरा धुऊन जातो. तरी थांबलं नाही, तर तेवढ्याच बारचा नवा व्हॉल्व्ह लावा. दुसरं कारण, इमारतीचाच दाब जास्त आहे. १० मीटर उंचीला जवळपास १ बार. तीस मजल्यांच्या टॉवरमध्ये गच्चीच्या टाकीपासून पहिला मजला ९० मीटर खाली, म्हणजे ९ बारच्या आसपास! म्हणून डक्टमध्ये ठरावीक मजल्यांवर दाब कमी करणारे पीआरव्ही बसवतात. ते बिघडले, की त्यांच्या खालच्या मजल्यांना त्रास होतो, आणि तोही रात्री, कारण तेव्हा कोणी नळ उघडत नाही. ० ते १० बारचं गेज नळाला लावून रात्री सगळे नळ बंद ठेवून वाचा. २ ते ३ बार उत्तम. रात्रीत काटा चढतच गेला, तर पीआरव्ही गेलाय. मग गीझर बदलून उपयोग नाही, सोसायटीला सांगा.

इंग्लंडातल्या घरांत मुलांकडे राहायला गेलात, तर घर ऊबदार ठेवणाऱ्या बॉयलरवर हेच शास्त्र दाबाच्या काट्यावर दिसेल: थंड असताना १ ते १.५ बार, आणि ३ बारला व्हॉल्व्ह उघडतो. तिथे वाढीव पाणी रबरी पडद्यामागे हवा भरलेल्या टाकीत जातं. पडद्यामागची हवा गेली, की पाणी तापताच काटा ३ वर धावतो, आणि गार झाल्यावर शून्याकडे पडतो. गीझरलाही अशी २ लिटरची टाकी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि गीझर यांच्यामध्ये लावता येते. ठिबकणं थांबवायचा हा सरळ मार्ग.

टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांच्या व्हॉल्व्हमध्ये क्षार लवकर साचतात. त्यावर पाईपला बांधायचे ‘क्षार मारणारे’ लोहचुंबक विकले जातात. चुंबकाने पाण्यातलं कॅल्शियम कमी होत नाही. तो पैसा गेज आणि नव्या व्हॉल्व्हवर घाला.

जोडणीचा क्रमही तपासा: अँगल कॉक, मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मग सेफ्टी व्हॉल्व्ह, मग टाकी. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये कुठलाही कॉक नको. ठिबकण्याची नळी खाली उतरती, तोंड उघडं आणि मोरीकडे वळवलेली असावी. दर तीन महिन्यांनी, गीझर बंद करून पाणी गार झाल्यावर, दांडी एकदा उचलून बघा. धार आली पाहिजे. नाही आली, तर व्हॉल्व्ह जाम झालाय. नवा बसेपर्यंत गीझर चालू करू नका.