डेकचा कोपरा पावसाळ्यात का उचलतो?

परसात लाकडी डेक, म्हणजे खांबांवर उचललेला फळ्यांचा ओटा, घालायची हौस आता आपल्या गावांतही आली आहे. माहिती मात्र बहुतेक अमेरिकेतल्या व्हिडिओंवरून घेतली जाते. खांबाचा पाया जमीन गोठते त्या खोलीच्या खाली न्या, असं त्यांत बजावून सांगतात. तिकडे हिवाळ्यात मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि उथळ पाया वर ढकलतं. आपल्याकडे बर्फ कुठला, म्हणून तेवढी पायरी सोडून दिली जाते. फूटभर खड्डा, त्यात काँक्रीट, की झाला खांब उभा. इथेच चूक होते. आपली जमीन गोठत नाही, पण काळी माती दर पावसाळ्यात फुगते आणि दर उन्हाळ्यात भेगाळते.

साधा हिशेब करून पाहू. डेक १२ फूट लांब, १० फूट रुंद. तीन ओळींत नऊ खांब, ओळीत दर ६ फुटांवर एक आणि दोन ओळींत ५ फूट. डेकचं स्वतःचं वजन चौरस मीटरला ५० किलो आणि माणसं-सामान ३०० किलो धरा. मधल्या खांबाच्या वाट्याला २.८ चौरस मीटर येतात, म्हणजे डेक भरलेला असताना साधारण ९८० किलो. कोपऱ्यातल्या खांबाला त्याचा चौथा हिस्सा. डेक रिकामा असेल तर कोपऱ्यावर फक्त ३५ किलो! खाली ४५ सेंमी चौरस आणि ३० सेंमी जाड काँक्रीटचा ठोकळा असेल, तर त्याचे दीडशे किलो मिळवा. आता फुगणाऱ्या मातीचा दाब चौरस सेंटीमीटरला १ किलो धरला (काळ्या मातीत तो याहून बराच जास्तही भरतो), तरी त्या ठोकळ्याखाली २,००० किलोचा रेटा तयार होतो. कोपरा आधी उचलतो तो यामुळेच: तिथे वजन सगळ्यात कमी. पाया रुंद केला की पक्का होतो, ही समजूतही इथे उलटते. रुंद ठोकळ्याखाली मातीला रेटायला जागाच जास्त मिळते.

ही ताकद येते कुठून? काळी माती बेसॉल्ट झिजून बनली. तिच्यातलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याचा कण म्हणजे अतिशय पातळ पत्र्यांची चवड, एकेक पत्रा जेमतेम १ नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीचा. पत्र्यात वर-खाली सिलिकाचे थर आणि मध्ये ॲल्युमिनाचा. मधल्या थरात काही ठिकाणी ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियम बसलेलं असतं. ॲल्युमिनियमचे धन प्रभार तीन, मॅग्नेशियमचे दोन, त्यामुळे अशा प्रत्येक अदलाबदलीमागे पत्र्यावर एक ऋण प्रभार उरतो. तो फेडायला दोन पत्र्यांच्या फटीत सोडियम, कॅल्शियमचे आयन, म्हणजे धन प्रभार असलेले अणू, येऊन बसतात. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण. ते या आयनांभोवती गर्दी करतात आणि पत्रे दूर सारतात. एका पत्र्यापासून पुढच्या पत्र्यापर्यंतचं अंतर कोरडेपणी सुमारे १ नॅनोमीटर असतं. पाण्याचा एक थर शिरला की ते १.२५ होतं, दुसऱ्याने १.५, तिसऱ्याने १.९ च्या आसपास.

पुढे काय होतं हे फटीत कोण बसलंय यावर ठरतं. कॅल्शियमवर दोन प्रभार, ते दोन्ही बाजूंचे पत्रे धरून ठेवतं, म्हणून फुगणं तिथेच बहुतांशी थांबतं. सोडियमवर एकच प्रभार, पकड ढिली. पाणी शिरतच राहतं आणि पत्रे सुटे होण्यापर्यंत मजल जाते. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या गावांत, मातीत सोडियम जास्त आहे, तिथे दुप्पट सावध राहा. एक ग्रॅम शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटचे सगळे पत्रे उलगडून पसरले तर ७०० ते ८०० चौरस मीटर, म्हणजे सात-आठ गुंठे जागा व्यापतील. एवढ्या पृष्ठभागावर पाणी चढत असेल, तर डेकच्या खांबाची काय कथा!

आपली माती कितपत फुगते ते घरीच तपासता येतं. २ फूट खोलीवरची माती नीट वाळवा, कुटा, बारीक चाळणीतून चाळा. १०-१० ग्रॅम माती १०० मिलीच्या दोन मोजपात्रांत घ्या. एकात पाणी भरा, दुसऱ्यात रॉकेल, ढवळून बुडबुडे काढा आणि किमान २४ तास ठेवा. रॉकेलच्या रेणूला पाण्यासारखी धन-ऋण टोकं नसतात, म्हणून त्यात माती फुगत नाही. पाण्यात १८ मिली आणि रॉकेलात १० मिली भरली, तर फुगवटा ८० टक्के. ५० च्या वर आकडा आला की फूटभर पायाचा विचार सोडा.

मग करायचं काय? आधी पहारीनं किंवा हातड्रिलनं मुरूम किती खोल आहे ते पाहा. तो ४-५ फुटांवर लागला तर पाया थेट मुरमावर टेकवा आणि खांबाभोवती जाड प्लॅस्टिकचे दोन पदर गुंडाळा, म्हणजे बाजूची माती फुगताना खांबाला धरून वर ओढणार नाही. काळी माती खोल असेल तर घरांसाठी ३.५ मीटर खोल, तळाशी कंदासारखा फुगीर भाग असलेले पाइल (जमिनीत भोक पाडून ओतलेले काँक्रीटचे खांब) घालतात. तेवढ्या खोलीवर ओलावा वर्षभर जवळपास सारखा राहतो आणि कंद जहाजाच्या नांगरासारखा रुतून बसतो. डेकसाठी हा खर्च पेलत नसेल तर डेक हलणार हे धरूनच तो बांधा. घराच्या भिंतीला अजिबात जोडू नका, दीड इंच फट ठेवा. प्रत्येक खांबावर सेंट्रिंगवाल्यांकडे मिळतो तसा स्क्रू-जॅक बसवा. तुळई जमिनीपासून निदान ६ इंच वर हवी, नाहीतर माती फुगून थेट तिलाच भिडेल.

खड्ड्यात वाळू भरणं टाळा. काळ्या मातीतला वाळूचा खड्डा म्हणजे पाण्याचं टाकं. त्याऐवजी चिकटपणा असलेला, पण न फुगणारा मुरूम थराथरानं चोपून भरा. अशा मातीच्या थराखाली काळ्या मातीचं फुगणं दबतं, हे आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवलं आणि कालव्यांच्या कामात ते तंत्र वापरलं गेलं.

कोपरा उचलला की वास्तुदोष काढणारे लगेच हजर होतात आणि घरातले लोक घाबरून पैसे मोजतात. त्याआधी त्या कोपऱ्याशी जाऊन पाहा: पन्हाळीचं पाणी पडतंय का, न्हाणीचा पाट वाहतोय का? कडुलिंबाजवळचा कोपरा खचला असेल तर मुळांनी तिथली ओल ओढली आहे. दोष पाण्याच्या वाटेत आहे. पन्हाळीला पाइप लावून पाणी ५-६ फूट लांब सोडा आणि डेकखालच्या जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्या.

लाकूड सागाचंच घ्या, पण गाभ्याचं. बाहेरचा पांढुरका भाग उधईला चालतो. फळ्यांत ५ मिमी फट ठेवा. प्लॅस्टिक-मिश्र फळ्यांच्या ‘कायमची टिकणारी’ या जाहिरातीला भुलू नका. मे महिन्यात त्यांच्यावर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि टोकांना फट नसेल तर त्या फुगून वाकतात.

खोदकाम दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरात करा. मे महिन्यात भेगाळलेल्या मातीवर घातलेला पाया पहिल्याच पावसात सगळ्यात जास्त वर येतो. पहिली दोन वर्षं मे आणि सप्टेंबरच्या अखेरीस लेव्हल पाइप लावून नऊही खांब तपासा, फरक वहीत लिहा आणि तो ५ मिमीपेक्षा जास्त असेल तरच जॅक फिरवा.