उभं राहिल्यावर दिसणारा आजार

सकाळी ओट्याशी उभं राहून चार पोळ्या लाटल्या की डोळ्यांसमोर अंधारी येते, छातीत धडधडतं, पायांतलं त्राण जातं. तीच बाई दुपारी तासभर आडवी पडून उठते आणि बाजार करून येते. मुंबईच्या घरांत याला ‘बीपी लो झालं’ म्हणतात आणि मीठ-साखरेचं पाणी देतात. दवाखान्यात खुर्चीवर बसवून मोजलं की बीपी नॉर्मल भरतं, ईसीजी साफ येतो, आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच हाती पडतं. हे आजचं नाही. नाडी, बीपी, घाम यांचं काम आपोआप चालवणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेच्या बिघाडाला, म्हणजे डिसऑटोनोमियाला, दीडशे वर्षांत इतकी नावं पडली, त्याचं मोठं कारण हा चढउतारच आहे.

१८७१ साली जेकब मेंडिस दा कोस्टा यांनी अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांवर निबंध लिहिला. धडधड, धाप, छातीत दुखणं, थोड्या श्रमाने गळून जाणं. अनेकांना त्याआधी ताप किंवा जुलाब होऊन गेले होते. शरीराची स्थिती बदलली की नाडी झपाट्याने बदलते, हेही त्यांनी टिपलं. पण दोष हृदयाचा धरला आणि नाव दिलं ‘चिडखोर हृदय’. ‘स्वायत्त चेतासंस्था’ हा शब्दच तेव्हा नव्हता. तो केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी १८९८ मध्ये आणला. पहिल्या महायुद्धात थॉमस लुईस यांनी याच लक्षणांना ‘एफर्ट सिंड्रोम’ (श्रमाने होणारा त्रास) म्हटलं.

१९४० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मॅक्लीन आणि ॲलन यांनी उभं राहिल्यावर बीपी घसरणं आणि नाडी धावणं या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या, शिवाय पलंगाची उशाकडची बाजू उंच करण्याचा उपायही सांगितला. पुढच्याच वर्षी लंडनचे पॉल वूड यांनी दा कोस्टांच्या आजाराचं मूळ मनोविकारात आहे असं प्रतिपादन केलं. वूड यांचा दबदबा मोठा होता, आणि ‘मनाचं आहे’ हा शिक्का पुढे कित्येक दशकं टिकला. आमच्या मते या इतिहासातलं सगळ्यात महागात पडलेलं वळण हेच. अमेरिकेत शाँडॉर्फ आणि लो यांनी १९९३ मध्ये ‘पॉट्स’ (पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी धावण्याचा आजार) हे नाव दिलं, तेव्हा नाडी आणि उभं राहणं यांचा संबंध नावातच आला. कोविडनंतर अशा रुग्णांची संख्या वाढली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडोत्तर आजाराची व्याख्या केली, तीत लक्षणं कमी-जास्त होऊ शकतात हे स्पष्ट लिहिलं आहे.

या कथेत मुंबईचाही एक धागा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबावर सर्पगंधेच्या मुळीचा प्रयोग मांडला. पुढे त्या मुळीतून रेसरपीन हे औषध वेगळं काढण्यात आलं. ते अनुकंपी चेतातंतूंच्या (स्वायत्त चेतासंस्थेतल्या, नाडी आणि बीपी वाढवणाऱ्या तंतूंच्या) टोकांतला नॉरॲड्रिनलीन या संदेशवाहक रसायनाचा साठा रिकामा करतं, म्हणून बीपी उतरतं, नाडी मंदावते, नाकही चोंदतं. आजही बीपीच्या, प्रोस्टेटच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनी उठताना चक्कर येते. म्हणून तपासणीची सुरुवात गोळ्यांच्या यादीपासून करावी, पण कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नये.

आता चढउतार का होतो ते पाहू. आपण उभे राहिलो की ५०० ते ८०० मिली रक्त पोटाच्या आणि पायांच्या शिरांकडे उतरतं. काही सेकंदांत रक्तवाहिन्या आवळून ते वर ढकलणं हे या चेतासंस्थेचं काम. ते कितपत जमेल हे त्या दिवशी शरीरात पाणी किती आहे, हवा कशी आहे, पोटात काय आहे यावर ठरतं. रात्रभर लघवी झाल्याने सकाळी रक्ताचं आकारमान कमी असतं. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्वचेच्या रक्तवाहिन्या सैल पडतात. ऑक्टोबरमधला उकाडा आणि गरम पाण्याची आंघोळ म्हणूनच झेपत नाही. एकादशीला रिकाम्या पोटावर ताटभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली की रक्त आतड्यांकडे वळतं आणि तासाभरात गरगरतं. पाळीचे दिवस, ताप, जागरण यांची त्यात भर. लोकलच्या गर्दीत पोटऱ्या हलवायला जागा नसते, त्यामुळे चालताना बरं वाटणारा माणूस तिथे उभ्या उभ्या कोसळतो.

घरी मोजायचं तर सकाळी, चहा-कॉफी आणि तंबाखूच्या आधी मोजावं. सोबत कुणीतरी हवंच. पाच ते दहा मिनिटं आडवं पडून बीपी आणि नाडी लिहावी. मग उठून भिंतीला पाठ टेकवावी, टाचा भिंतीपासून सहा-आठ इंच पुढे ठेवाव्यात आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या मिनिटाला पुन्हा मोजावं. तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं तर ती स्थितीनुसार होणारी घसरण. बीपी असं न उतरता दहा मिनिटांत नाडी ३० ने वाढून टिकली (१२ ते १९ वयात ४० ने) आणि त्रास किमान तीन महिने असला, तर पॉट्सचा विचार होतो. त्याआधी ॲनिमिया, थायरॉईड, पाण्याची कमतरता तपासावी लागते. डोळ्यांसमोर काळोख येऊ लागला तर आकडा पुरा करण्याच्या नादात न राहता लगेच झोपावं.

यात बिघडतं ते बहुधा हाताच्या बाबतीत. उभं असताना पट्टा बांधलेला हात लोंबता राहिला तर तो हृदयाच्या खाली येतो, बीपी दहाएक पॉइंटने जास्त दिसतं आणि खरी घसरण झाकली जाते. हात छातीच्या उंचीवर फळीवर टेकवावा. मोजताना बोलणं, पाय हलवणं, नेलपेंट लावलेल्या बोटाला ऑक्सिमीटर लावणं यांनीही आकडे फसतात. एक दिवस नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं ठरत नाही. त्रासाचे दोन आणि बरे दोन दिवस मोजून, शेजारी जेवण, झोप, पाळी लिहिलेला कागद डॉक्टरांना द्यावा. मधुमेहींनी तर खोल श्वासाच्या चाचणीबद्दलही विचारावं: मिनिटाला सहा श्वास घेताना नाडीतला फरक १० पेक्षा कमी भरला तर चेतातंतू बाधित असण्याची शक्यता मोठी.

उपायांत पाणी आधी येतं. लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही म्हणून कितीतरी बायका सकाळी पाणीच पीत नाहीत आणि नेमकं तेच अंगावर येतं. दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी लागतं. घराबाहेर पडण्याआधी अर्धा लिटर पाच मिनिटांत प्यायलं तर घसरणाऱ्या बीपीला तासभर आधार मिळतो. ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालावं, त्यातून २.६ ग्रॅम मीठ मिळतं. नुसतं साखरेचं पाणी फारसं उपयोगी नाही. पॉट्समध्ये दिवसाला १० ग्रॅमपर्यंत मीठ सुचवलं जातं, पण उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर ते घातक ठरू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. पायमोज्यांपेक्षा पोटपट्ट्याचा उपयोग जास्त, कारण रक्त पोटाच्या शिरांत अधिक साठतं. पोळ्या उंच स्टुलावर बसून लाटाव्यात. व्यायाम आडवं पडून किंवा बसून सुरू करावा. मिडोड्रिन हे बीपी वाढवणारं औषध दिलं असेल तर त्याचा शेवटचा डोस झोपण्याच्या चार तास आधी हवा, नाहीतर आडवं पडल्यावर बीपी चढतं.

मॅक्लीन-ॲलन यांचा पलंग अजूनही वापरात आहे. उशाकडचे दोन पाय चार ते सहा इंच विटांवर घ्यायचे, म्हणजे रात्रीची लघवी कमी होते आणि सकाळ हलकी जाते. उशांचा ढीग चालत नाही, त्याने फक्त मान वाकते. मुंबईतल्या बॉक्स-दिवाणाला पाय नसतात. तिथे सुताराकडून गादीच्या लांबीची उतरती प्लायवूडची फळी करून गादीखाली सरकवावी.